वाचकांचे प्रश्न : मोठ्या रेडवरून लिनक्स सुरू होत नाही तेव्हा

या महिन्यात चाळीसगाव, धुळे, शहादा आणि जळगाव येथून आलेली चार पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरतात. सर्व्हरला पुष्कळ डिस्क जोडून त्यांची ‘रेड’, म्हणजे एकत्र चालणारा डिस्कांचा संच, केलेली आहे, माहिती अनेक टेराबाइटची आहे आणि एके दिवशी यंत्र चालू करताना लिनक्स वर येतच नाही. यांतील पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण त्यातले कारण एकदा नीट कळले की बाकीची उत्तरे समजायला सोपी जातात.

प्रश्न : आमचा लग्नसमारंभांच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा स्टुडिओ आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही एक जुना पण भक्कम सर्व्हर विकत घेतला, त्याच्या रेड कार्डावर ८ टीबीच्या आठ डिस्क बसवल्या, रेड ६ करून त्यांची एकच मोठी डिस्क तयार केली आणि तिच्यावरच उबुंटू टाकले. सर्व काही एकाच पार्टिशनमध्ये आहे. मागच्या आठवड्यात रात्री वीज गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर बंद पडला. सकाळी चालू केल्यावर ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मेनू दिसतो, पण पहिली ओळ निवडली की ‘अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी०’ आणि त्याखाली ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ अशा ओळी येऊन सर्व थांबते. रेड कार्डाच्या पडद्यावर आठही डिस्क ठीक दिसतात. येथील एका तंत्रज्ञांचे म्हणणे असे की विजेच्या झटक्याने डिस्क बिघडली असून सर्व फॉरमॅट करून नव्याने लिनक्स टाकावे लागेल. दोन हंगामांतील लग्नांचे मूळ चित्रीकरण त्यात आहे. काय करावे?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सर्वांत आधी, फॉरमॅट करू नका. आपण दिलेल्या वर्णनावरून डिस्क बिघडल्याचे एकही लक्षण दिसत नाही आणि आपले चित्रीकरण जागच्या जागी असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. शिवाय, फॉरमॅट करून त्याच पद्धतीने पुन्हा उबुंटू टाकले तर काही महिन्यांनी हाच संदेश पुन्हा पडद्यावर येईल, कारण दोष मांडणीत आहे आणि नव्या मांडणीतही तो तसाच राहील. वीज जाणे आणि सर्व्हर चालू न होणे यांचा संबंध कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, इतकाच आहे.

आता कारण पाहू. यंत्राचे बटण दाबल्यापासून लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा मध्यवर्ती प्रोग्राम, ताबा घेईपर्यंत जे काही डिस्कवरून वाचले जाते, ते आपल्यासारख्या जुन्या यंत्रांत बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरील सुरुवातीच्या प्रोग्रामच्या, मार्फत वाचले जाते. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा, उचलतो. त्यातील फक्त ४४६ बाइट जागा बूटलोडरच्या पहिल्या तुकड्यासाठी असते. तो तुकडा ग्रबचा मोठा भाग शोधतो, त्या भागाला फाइल सिस्टिम वाचता येते, मग तो बूट फोल्डरमधून मेनूची मांडणी, कर्नल आणि इनिटआरडी ही सुरुवातीची लहान फाइल सिस्टिम मेमरीत आणतो. या सगळ्या प्रवासात ग्रबला डिस्क प्रत्यक्ष दिसत नाही. ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर दे’ असे तो बायोसला सांगतो आणि बायोस रेड कार्डावरील छोट्या प्रोग्रामला सांगतो.

अडचण येथेच आहे. मागणी करण्याच्या पद्धतीत सेक्टर क्रमांकासाठी ६४ बिटांची जागा ठेवलेली असली, तरी अनेक जुन्या बायोसांमध्ये आणि रेड कार्डांच्या प्रोग्राममध्ये प्रत्यक्षात ३२ बिटच वापरले जातात. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच सेक्टर मोजता येतात. त्याला ५१२ ने गुणले की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट होतात, म्हणजे २ टेबीबाइट, आणि डिस्कच्या खोक्यावरील हिशेबाने सुमारे २.२ टीबी. गट क्रमांकासाठी चारच रकाने छापलेला एखादा नमुना डोळ्यांसमोर आणा. ९९९९ नंतरचा गट त्यात लिहिताच येणार नाही, मात्र शेत जागेवरच असते आणि त्यातले पीकही. आपली रेड ४८ टीबीची आहे, म्हणजे तिचा जेमतेम विसावा-बाविसावा हिस्सा बायोसला पोहोचण्यासारखा आहे. उरलेला भाग ग्रबच्या दृष्टीने डिस्कच्या बाहेर आहे आणि पडद्यावरचा संदेशही नेमके तेच सांगतो.

मग दीड वर्ष सर्व्हर कसा चालला, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. उबुंटू टाकले तेव्हा डिस्क रिकामी होती आणि कर्नलची फाइल योगायोगाने पहिल्या २ टेबीबाइटमध्ये बसली. पुढे डिस्क भरत गेली, अपडेटमधून नवे कर्नल आले आणि फाइल सिस्टिमने ते जेथे मोकळी जागा मिळाली तेथे, कदाचित विसाव्या किंवा तिसाव्या टेबीबाइटमध्ये, ठेवले. चालू लिनक्सला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण कर्नल एकदा वर आले की ते स्वतःच्या ड्रायव्हरने रेड कार्डाशी बोलते आणि त्या ड्रायव्हरला ६४ बिटांचे क्रमांक कळतात. फरक पडतो तो पुढच्या वेळी यंत्र चालू करताना. सर्व्हर महिनोन्‌महिने बंदच केला जात नसल्याने अपडेट कधी झाले ते कोणाच्या लक्षात राहत नाही आणि दोष त्या रात्रीच्या विजेवर जातो.

माझे निदान बरोबर आहे का, हे आपण ग्रबमध्येच पाहू शकता. मेनू दिसत असताना ‘सी’ ही कळ दाबा, म्हणजे ग्रबची आज्ञा-ओळ येईल. तेथे ‘एलएस’ या आज्ञेला ‘-एल’ जोडून द्या. प्रत्येक डिस्कचा एकूण आकार किबीबाइटमध्ये दिसेल. ४८ टीबीच्या डिस्कसमोर २,१४,७४,८३,६४८ च्या आसपासचा किंवा त्याहून लहान आकडा दिसला, तर बायोस डिस्क अर्धवट पाहत आहे, हे निश्चित झाले.

आता सर्व्हर वर आणण्याकडे वळू. मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि तेथे जुन्या कर्नलची ओळ असेल ती निवडा. जुने कर्नल पहिल्या २ टेबीबाइटमध्ये असेल तर सर्व्हर काहीच न घडल्यासारखा सुरू होईल. तसे झाले तर आनंदाच्या भरात ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका, कारण ते अनावश्यक समजून हेच एकमेव चालणारे कर्नल काढून टाकू शकते. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत कोणतेही अपडेटही करू नका. अपडेटमध्ये ग्रबच्या मेनूची मांडणी-फाइल नव्याने लिहिली जाते, इनिटआरडीही पुन्हा तयार होऊ शकते, आणि नव्याने लिहिलेली प्रत्येक फाइल नव्या जागी जाऊ शकते. आज दिसणारा मेनू उद्या दिसेलच, याची खात्री नाही.

सर्व्हर वर आल्यावर चित्रीकरणाची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. रेड ६ दोन डिस्क जाण्यापासून वाचवते, चुकीच्या आज्ञेपासून वाचवत नाही. त्यानंतर, मनाची खात्री करायची असेल तर, ‘फाइलफ्रॅग’ ही आज्ञा ‘-व्ही’ जोडून बूट फोल्डरमधील दोन्ही कर्नल फाइलांवर चालवा. फाइलचे तुकडे डिस्कवर कोणत्या ब्लॉकपासून आहेत ते ती सांगते. ४०९६ बाइटच्या ब्लॉकांत मोजले तर २ टेबीबाइटची सीमा ५३,६८,७०,९१२ या क्रमांकावर येते. जुन्या कर्नलचे आकडे या सीमेच्या अलीकडे आणि नव्याचे पलीकडे दिसतील. मी स्वतः हा फरक पहिल्यांदा पाहिला तेव्हा इतका गूढ वाटणारा बिघाड एका साध्या बेरीज-वजाबाकीत उलगडतो, याचे फार समाधान वाटले होते.

कायमचा उपाय एकच आहे : बूट फोल्डर या महाकाय डिस्कवरून काढून लहान डिस्कवर ठेवणे. आपल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर साटाची (थेट डिस्क जोडण्याची) एखादी जागा मोकळी असेलच. तेथे एक लहान एसएसडी लावा. बाजारात मिळणारी सर्वांत लहानही पुरून उरेल. ‘एलएसबीएलके’ आज्ञेने नवी डिस्क कोणत्या नावाने दिसते ते आकारावरून ओळखा आणि नाव कागदावर लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक आज्ञा चुकीच्या डिस्कवर गेली तर नुकसान होऊ शकते. एसएसडीवर जीपीटी या नव्या प्रकारचा पार्टिशन तक्ता करा. पहिले पार्टिशन १ मेबीबाइटचे ठेवून त्याला ‘बायोस-ग्रब’ ही खूण द्या. त्यात कोणतीही फाइल सिस्टिम घालायची नसते, ग्रब आपला मोठा भाग तेथे ठेवतो. दुसरे पार्टिशन १ किंवा २ जीबीचे करून त्याला ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमने फॉरमॅट करा. सध्याच्या बूट फोल्डरमधील सर्व फाइली ‘सीपी -ए’ ने या दुसऱ्या पार्टिशनमध्ये उतरवा, एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे कोणते पार्टिशन कोठे जोडायचे त्या यादीत, त्याची यूयूआयडी (ओळख-क्रमांक) लिहून ते बूट फोल्डरवर माउंट होईल असे करा आणि प्रत्यक्ष माउंट करून ‘डीएफ’ ने तपासा. मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ एसएसडीच्या नावाने आणि त्यामागोमाग ‘अपडेट-ग्रब’ चालवा. शेवटी बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात एसएसडी पहिली करा.

यानंतरची एक पायरी बहुतेक जण विसरतात. उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘ग्रब-पीसी’ हे पॅकेज बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकला होता ते स्वतःच्या नोंदीत ठेवते. ती नोंद अजून मोठ्या रेडची आहे. पुढे ग्रबचे अपडेट आले की एसएसडीवरील मॉड्यूल, म्हणजे ग्रबचे पूरक भाग, नवे होतील, पण बूटलोडरचा गाभा मात्र रेडवर लिहिला जाईल आणि एसएसडीवरचा गाभा जुनाच राहील. मग जुना गाभा आणि नवी मॉड्यूल यांचा मेळ न बसून ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि यंत्र ‘ग्रब रेस्क्यू’ या ओळीवर थांबते. हे टाळण्यासाठी ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवा आणि समोर येणाऱ्या यादीत फक्त एसएसडीवर खूण करा.

जुने कर्नलही सुरू झाले नाही, तर उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करा. लाइव्ह लिनक्सला आपली रेड पूर्ण ४८ टीबीची दिसेल. तिचे मूळ पार्टिशन माउंट करा, वर सांगितल्याप्रमाणे एसएसडीवर फाइली उतरवून एसएसडीचे पार्टिशन त्यातील बूट फोल्डरवर माउंट करा, ‘डेव्ह’, ‘प्रोक’ आणि ‘सिस’ हे तीन फोल्डर आत बांधून घ्या, ‘सीएचरूट’ या आज्ञेने आपल्या मूळ लिनक्सच्या आत शिरा आणि बाकीच्या पायऱ्या तशाच करा.

रेडवरचे पार्टिशन आक्रसून त्याच डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी जागा काढण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. ईएक्सटी४ बंद स्थितीत आक्रसता येते हे खरे, एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर तेही शक्य नाही. पण भरलेल्या ४८ टीबीवर असे काम कित्येक तास, कधी काही दिवसही चालते, सुरुवातीचा भाग मोकळा करायचा तर पूर्ण पार्टिशनच पुढे सरकवावे लागते, आणि मधेच वीज गेली तर खरोखरच हानी होते. एका लहान एसएसडीच्या किमतीत हा सर्व धोका टळत असताना मी तो मार्ग सुचवणार नाही.

हे दुखणे जुने आहे, हेही सांगायला हवे. लिलो या जुन्या बूटलोडरच्या काळात कर्नल पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आत, म्हणजे मोठ्यात मोठ्या हिशेबाने ८.४ जीबीच्या आत असावे लागे आणि त्याही वेळी उपाय हाच होता की डिस्कच्या सुरुवातीला बूटचे लहान पार्टिशन वेगळे ठेवावे. आकडे बदलले, उपाय तोच राहिला.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडवर चार डिस्क आहेत. प्रत्येक डिस्कवर सुरुवातीला १ मेबीबाइटचे लहान पार्टिशन, नंतर बूटसाठी रेड १ (प्रत्येक डिस्कवर तीच प्रत) आणि उरलेल्या जागेत रेड ५ अशी मांडणी आहे. पहिली डिस्क गेली म्हणून नवी लावली, तिच्यावर तशीच पार्टिशने करून ती ‘एमडीएडीएम’ या सॉफ्टवेअर रेडच्या आज्ञेने जोडली. सिंक पूर्ण झाले, अवस्था ‘क्लीन’ दिसू लागली. दोन महिन्यांनी सर्व्हर बंद करून चालू केला तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो. सर्व ठीक असताना हे कसे झाले?
— एक प्राध्यापिका, धुळे

उत्तर : आपली रेड खरोखरच ठीक आहे. सॉफ्टवेअर रेड तिच्या ताब्यात दिलेली पार्टिशने जपते. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर आणि ते १ मेबीबाइटचे पार्टिशन तिच्या ताब्यात नसते. त्यामुळे नव्या डिस्कवर बूट फोल्डरची अचूक प्रत आली, पण त्यापर्यंत पोहोचवणारा ग्रबचा पहिला तुकडा आणि गाभा आलेच नाहीत. बायोस सवयीने पहिल्या डिस्ककडे गेला आणि तेथे त्याला काही सापडले नाही.

चालू करताना बायोसच्या बूट मेनूतून दुसरी डिस्क निवडून पाहा. मूळ स्थापनेच्या वेळी कोणी दूरदृष्टीने तिच्यावरही ग्रब टाकला असेल तर यंत्र सुरू होईल. नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि ‘सीएचरूट’ हा वर सांगितलेला मार्ग आहेच. फक्त आधी ‘एमडीएडीएम’ ला ‘असेंबल’ आणि ‘स्कॅन’ हे शब्द देऊन रेड जोडून घ्यावी लागेल. वर आल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ चारही डिस्कवर एकेक करून चालवा आणि ‘ग्रब-पीसी’ च्या यादीत चारही डिस्कवर खूण करा, म्हणजे यापुढे कोणतीही एक डिस्क गेली तरी यंत्र उरलेल्यांपैकी एकीवरून उठेल.

आपली बूट फोल्डरसाठी वेगळे रेड १ ठेवण्याची मांडणी उत्तम आहे आणि ती बदलू नका. काही जण बूट फोल्डरही मोठ्या रेड ५ किंवा ६ मध्येच ठेवतात. ग्रबला या रेड वाचता येतात, हे खरे आहे. मात्र त्यासाठी बायोसने पुरेशा डिस्क ग्रबला दाखवाव्या लागतात : रेड ५ ला एक सोडून सर्व, रेड ६ ला दोन सोडून सर्व. डिस्कची संख्या वाढली की काही बायोस आणि काही कार्डे ठरावीक संख्येपुढच्या डिस्क दाखवतच नाहीत. मग एकही डिस्क बिघडलेली नसताना ग्रबला रेड अपुरी वाटते आणि तो हात टेकतो.

डिस्क बदलताना पार्टिशन तक्ता उतरवण्यासाठी ‘एसजीडिस्क’ ची ‘-आर’ ही सोय वापरली असेल, तर तिचा क्रम नीट लक्षात ठेवा. ‘-आर’ ला चिकटून लिहिलेली डिस्क नवी, म्हणजे जिच्यावर तक्ता उतरायचा ती, आणि शेवटी लिहिलेली डिस्क जुनी. क्रम उलटा झाला तर चांगल्या डिस्कचा तक्ता रिकामा होतो. तक्ता उतरल्यावर नव्या डिस्कवर ‘-जी’, मोठ्या लिपीतील जी, देऊन तिची ओळख-चिन्हे बदलून घ्यावी लागतात, नाहीतर दोन डिस्क एकाच नावाच्या होतात.

आणि एक कळकळीची विनंती. रेड जोडली जात नाही असे दिसले की घाईने ‘एमडीएडीएम’ ला ‘क्रिएट’ हा शब्द देऊ नका. भुसावळच्या एका कार्यालयात मे महिन्याच्या भर उन्हात मला बोलावले गेले, तेव्हा तेथील सर्व्हरचा बूटलोडर तेवढा गेला होता. दहा मिनिटांचे काम होते. पण मी पोहोचण्यापूर्वी कोणीतरी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून रेड पुन्हा ‘क्रिएट’ केली होती, तीही डिस्कचा क्रम आणि तुकड्यांचा आकार मूळचा नसताना, आणि सिंकही सुरू झाले होते. पडद्यावर टक्केवारी पुढे सरकत होती आणि प्रत्येक टक्क्याबरोबर मूळ माहितीवर चुकीची पॅरिटी, म्हणजे हरवलेली माहिती परत काढण्यासाठीचे हिशेबी आकडे, लिहिली जात होती. तेथील कर्मचारी ती वाढती टक्केवारी पाहून ‘आता होईल’ असे म्हणत होते. त्यांना खरे काय ते सांगणे मला आजवरच्या कामातील सर्वांत जड गेले. ‘असेंबल’ असलेल्या गोष्टी जोडते, ‘क्रिएट’ नवी गोष्ट घडवते. पहिले निःशंक करा, दुसऱ्याला हातही लावू नका.

प्रश्न : आमच्याकडे सर्व्हरला बाहेरून जोडलेल्या पेटीत २४ डिस्क आहेत आणि मूळ फाइल सिस्टिमही त्यांच्यावरच आहे. चालू करताना ग्रबचा मेनू येतो, कर्नलच्या ओळी सरकतात आणि मग ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस’ असे येऊन ‘इनिटरॅमएफएस’ नावाच्या ओळीवर थांबते. बंद करून पुन्हा चालू केले की कधी सुरू होते, कधी नाही. ग्रब पुन्हा टाकावा का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ग्रबला हात लावू नका, त्याने आपले काम पूर्ण केले आहे. कर्नलच्या ओळी दिसल्या याचाच अर्थ कर्नल मेमरीत आले आणि सुरू झाले. ‘कधी होते, कधी नाही’ या आपल्या वाक्यातच उत्तर आहे : वेळ कमी पडते. २४ डिस्क एकदम फिरू लागल्या तर विजेवर मोठा ताण येतो, म्हणून अशा पेट्या डिस्क एकामागून एक सुरू करतात. शेवटची डिस्क तयार होईपर्यंत कर्नल वाट पाहून थकलेले असते.

पुढच्या वेळी त्या ओळीवर थांबले की मिनिटभर काही करू नका. मग ‘कॅट’ आज्ञेने ‘प्रोक’ मधील ‘पार्टिशन्स’ ही फाइल पाहा. सर्व डिस्क आता यादीत असतील तर ‘एक्झिट’ लिहून एंटर दाबा, यंत्र पुढे जाईल. तसे झाले तर ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधील ग्रबच्या फाइलीत कर्नलला द्यायच्या ओळीत ‘रूटडिले=१२०’ घाला आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. १२० म्हणजे सेकंद. आपल्या पेटीला किती लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि त्याहून थोडे जास्त ठेवा. मिनिटभराने, पाच मिनिटांनीही डिस्क दिसत नसतील तर कारण वेगळे आहे : बहुधा कार्डाचा ड्रायव्हर इनिटआरडीत नाही, किंवा केबल सैल आहे. केबल आधी पाहा.

ज्या पार्टिशनवर फक्त साठवण आहे, त्याच्या एफएसटॅबमधील ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला. मग साठवणीची डिस्क उशिरा आली तरी सर्व्हर तिच्यासाठी अडून बसणार नाही आणि आपल्याला निदान दुरून लॉगिन तरी करता येईल.

प्रश्न : केळीच्या व्यापाराची आणि शीतगृहांच्या कॅमेऱ्यांची नोंद साठवण्यासाठी नवा सर्व्हर घ्यायचा आहे. साठवण ८० टीबीपर्यंत जाईल. सुरुवातीपासूनच काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : लिनक्ससाठी दोन लहान एसएसडी आणि साठवणीसाठी मोठ्या डिस्क, अशी फारकत पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन एसएसडींचे रेड १ करा. बूट फोल्डर, मूळ फाइल सिस्टिम, सर्व काही तेथेच. मोठ्या रेडवर कॅमेऱ्यांच्या नोंदींखेरीज काहीही ठेवू नका. अशा सर्व्हरमध्ये साठवणीची रेड पूर्ण बंद असली तरी लिनक्स वर येते आणि दुरुस्ती खुर्चीत बसून करता येते.

यंत्र नवे असल्याने ते यूईएफआयवर, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीवर, चालवा, जुन्या बायोसची सोय बंद ठेवा. यूईएफआयमध्ये डिस्क वाचण्याचा क्रमांक ६४ बिटांचा असतो, त्यामुळे चाळीसगावच्या वाचकांना आली तशी अडचण सहसा येत नाही. लिनक्स टाकताना पेन ड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झाला आहे का ते पाहा : ‘सिस’ मधील ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असेल तर झाला आहे, नसेल तर स्थापना जुन्या पद्धतीने होईल. यूईएफआयचे ईएसपी पार्टिशन, म्हणजे बूटलोडर ठेवण्याची जागा, फॅट प्रकारचे असते आणि ५१२ एमबी त्याला पुरते. ते दोन्ही एसएसडींवर ठेवा, कारण एकीवरच असेल तर तीच जायची.

डिस्क विकत घेताना सेक्टरचा आकार विचारा. ‘५१२ई’ डिस्क आतून ४०९६ बाइटच्या असल्या तरी बाहेर ५१२ दाखवतात आणि कोठेही चालतात. ‘४केएन’ डिस्क बाहेरही ४०९६ दाखवतात. त्या साठवणीसाठी चांगल्या, मात्र त्यांच्यावरून यंत्र सुरू करायचे तर यूईएफआय हवेच आणि काही जुनी रेड कार्डे त्यांना ओळखतच नाहीत. मोठ्या रेडवर पार्टिशन तक्ता जीपीटीचाच करा. जुन्या एमबीआर तक्त्यातही सेक्टरसाठी ३२ बिटच असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरांवर तो २ टेबीबाइटपुढे जाऊ शकत नाही.

पुढे डिस्क वाढवून रेड मोठी केलीत की कर्नलच्या नोंदीत जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी नसल्याची तक्रार दिसेल. जीपीटी आपली एक प्रत सुरुवातीला आणि एक शेवटी ठेवते, आणि रेड वाढल्याने शेवट पुढे सरकलेला असतो. ‘एसजीडिस्क -ई’ त्या प्रतीला नव्या शेवटी नेऊन ठेवते. हे करण्याआधी ‘एसजीडिस्क’ च्याच ‘बॅकअप’ या सोयीने प्रत्येक डिस्कचा तक्ता एका फाइलीत उतरवा आणि ती फाइल सर्व्हरवर न ठेवता पेन ड्राइव्हवर ठेवा. ‘एलएसबीएलके’, ‘बीएलकेआयडी’ आणि, सॉफ्टवेअर रेड असेल तर, ‘एमडीएडीएम’ च्या ‘डिटेल’ आणि ‘एक्झॅमिन’ यांनी दिलेली माहितीही छापून घ्या आणि सर्व्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोणती डिस्क कोणत्या खणात आहे, तिचा अनुक्रमांक काय, हे त्याच कागदावर हाताने लिहा.